माळवदाचं घर पस्तिसाव्या हिश्शात: डायोरामा करायचा तर असा

माझं आजोळ लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. तीन खणांचं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, पुढे ढाळज (दारालगतची ओसरी), बाजूला आड आणि आडाजवळ कडुनिंब. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात ते घर पडलं नाही. पण त्या दिवसानंतर माळवदाखाली अंथरूण टाकायला कुणी धजेना. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचा भार, याच रचनेनं त्या पहाटे हजारो माणसं गाडली होती. मामांनी माती उतरवून पत्रे टाकले, काही वर्षांनी भिंतीही उतरवल्या. त्या घराची मापं माझ्याकडे नव्हती. पुढे शेजारच्या गावात तशाच बांधणीचं एक घर उभं सापडलं, ते टेप लावून मोजलं आणि त्यावरून आजोळचं घर छोट्या मापात उभं केलं. त्या कामात जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीनं सांगतो. तुमचं घर वेगळं असेल, पण पायऱ्या याच राहतील.

डायोरामा हा शब्द मूळ पॅरिसचा. १८२२ मध्ये लुई दागेर यानं तिथे मोठमोठी चित्रं बदलत्या उजेडात दाखवायला सुरुवात केली, त्या खेळाचं हे नाव. आज आपण त्याचा अर्थ घेतो तो असा: एका ठरावीक मापात, एका जागेचा एक क्षण, माणसं-झाडं-मातीसकट.

आधी क्षण ठरवा

नुसतं "जुनं घर" असा विषय घेऊ नका. महिना आणि वेळ ठरवा, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यातूनच येतात. मी पोळ्याची सांज घेतली. आपल्याकडे पोळा श्रावणी अमावास्येला. म्हणजे माळवदावर गवत उगवलेलं, अंगणाच्या कडेला चिखल, भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग ओला, आडाचं पाणी वर आलेलं. कडब्याची गंजी मात्र निम्म्याच्या खाली, कारण रब्बीची ज्वारी निघून पाच-सहा महिने झालेले असतात आणि जनावरांनी तेवढा कडबा संपवलेला असतो. हेच घर मे महिन्यातलं केलं असतं तर माती फुफाट्याची, पाणी खोल आणि गंजी उंच करावी लागली असती. गवत, पाणी आणि गंजी वेगवेगळ्या महिन्यांची दिसली की गावाकडचा माणूस ते लगेच ओळखतो.

माप

मी १:३५ घेतलं. हे माप जपानच्या तामिया कंपनीच्या छोट्या प्रतिकृती-रणगाड्यांमुळे रुळलं, म्हणून त्यात तयार माणसं, बादल्या, चाकं मिळतात. हिशेब सोपा आहे: खरा एक फूट म्हणजे ८.७ मिलिमीटर, एक इंच म्हणजे ०.७३ मिलिमीटर. साडेपाच फुटी माणूस ४८ मिलिमीटरचा. दोन फुटी भिंत १७ मिलिमीटर जाड. पाच फुटी दार ४३ मिलिमीटर उंच. ए-३ कागदाएवढ्या पाटावर साधारण ४८ फूट लांब आणि ३४ फूट रुंद जागा मावते, म्हणजे घर, अंगण आणि आड नीट बसतात.

आख्खी गल्ली किंवा स्टेशन करायचं असेल तर १:८७ बघा. लातूरकरांसाठी या मापात एक सोय आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर होती, १:८७ मध्ये ती पावणेनऊ मिलिमीटर होते, आणि खेळण्यातल्या रेल्वेचे ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. १९११ साली लातूरला पोचलेली ती गाडी कुणीतरी कराच.

माप ठरलं की पुठ्ठ्याच्या पट्टीवर त्या मापातले फूट आखून घ्या आणि ती पट्टी टेबलावरच ठेवा. दर वेळी गुणाकार करायला गेलात की चुका होतात.

घर मोजणं

घरमालकाला विचारून, शक्यतो दोघांनी जा. एकानं टेप धरावा, एकानं लिहावं. जुनी घरं खणांत बांधलेली असतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, त्यामुळे एक खण नीट मोजला की घराचा सांगाडा हाती येतो. मी मोजलेल्या घरात खण सहा फुटांचा होता. तीन खण आणि दोन्हीकडच्या दोन-दोन फुटी भिंती धरून समोरची बाजू २२ फूट, म्हणजे डायोरामात १९१ मिलिमीटर.

लांबी-रुंदी सगळेच घेतात. राहून जातात ती मापं अशी: उंबऱ्याची उंची, जोत्याची उंची, पन्हाळ भिंतीच्या किती बाहेर येते, कोनाडा जमिनीपासून किती वर, भिंत खाली जाड आणि वर निमुळती आहे का, कोपऱ्याचे घडीव दगड मधल्या दगडांच्या किती पट मोठे. फोटो काढताना भिंतीला एक फुटाची पट्टी टेकवून ठेवा आणि कॅमेरा अगदी समोर धरा. पुढे एखादं माप निसटलेलं असलं तरी फोटोवरून काढता येतं.

पुठ्ठ्याचं घर

खरं सामान कापण्याआधी बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं घर करून पाटावर ठेवा. घराची भिंत पाटाच्या कडेला समांतर ठेवू नका, थोडी तिरकी फिरवा. समांतर ठेवलेलं घर खोक्यातल्या वस्तूसारखं दिसतं. तिरकं ठेवलं की नजर अंगणातून दारापर्यंत जाते. पाट डोळ्यांच्या उंचीवर ठेवून बघा, फोटो काढा, दोन दिवस राहू द्या.

याच वेळी घरातल्या जुन्या माणसाला दाखवा. मी मावशीला दाखवलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "रांजण हिकडं नव्हता रे, दाराच्या डाव्या अंगाला होता. आन् बैल बांधायचे ते लिंबाखाली, भिंतीला नाही." तिनं आणखी चार गोष्टी सांगितल्या, त्या एकाही फोटोत नव्हत्या. हे काम डिंक लागायच्या आधी करायचं.

पाट

१२ मिलिमीटरचा प्लायवूड घ्या आणि दोन्ही बाजूंना ऑइल पेंटचा हात मारा. एकाच बाजूला ओलं सामान पडलं की फळी वाकते. वर २५ मिलिमीटरच्या फोमचे दोन थर चिकटवा. थर्माकोल कुठेही मिळतं, पण कापताना मणी सुटतात. इन्सुलेशनचा निळा किंवा गुलाबी फोम मिळाला तर तो घ्या, आर्किटेक्चरच्या मुलांना सामान देणाऱ्या दुकानांत चौकशी करा. दोन्हींना स्प्रे पेंट, थिनर आणि झटपट चिकटणारा गम चालत नाही, फोम विरघळून खड्डा पडतो. फेविकोल आणि पाण्यातले अॅक्रिलिक रंगच वापरा.

आडासाठी ४४ मिलिमीटर व्यासाचं भोक आत्ताच पाडून घ्या. पोळ्याच्या दिवसांतलं पाणी मी काठापासून साडेचार फुटांवर धरलं, ते पाटात जेमतेम ४० मिलिमीटर खाली येतं. त्यामुळे आड पाटाच्या जाडीतच बसला. उन्हाळा निवडला असता तर टेबलालाच भोक पाडावं लागलं असतं.

भिंती

भिंती १७ मिलिमीटर जाडीच्या फोमच्या. बाहेरून तीन मिलिमीटर पुठ्ठा दिसत असेल तर माळवदाच्या घराचा आत्माच गेला. दाराच्या चौकटीत भिंतीची पूर्ण जाडी दिसली पाहिजे.

दगड कोरायला शाई संपलेलं बॉलपेन पुरतं. आधी आडवे थर हलक्या रेषेनं आखा, चार ते सहा मिलिमीटर उंचीचे, पण एकसारखे नकोत. मग उभे सांधे. वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका, कुठलाही गवंडी तसं रचत नाही. कोपऱ्यावर मोठे घडीव दगड, मध्ये लहान आणि त्यांच्या फटींत चिपा. सगळं कोरून झालं की अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा भिंतीवर दाबत फिरवा, दगडाचा खरबरीतपणा येतो. दोन-चार दगड बोटानं किंचित आत ढकला. मग पातळ फेविकोलमध्ये थोडी चाळलेली माती घालून एक हात द्या. त्यानं फोम कडक होतो आणि सांधे मातीचे दिसतात.

आपला दगड बेसाल्ट. त्याला काळा म्हणतात म्हणून डब्यातला काळा रंग लावू नका. काळ्यात तपकिरी आणि थोडा निळा मिसळून गडद राखी करा, तो पहिला हात. सुकल्यावर फिक्या राखी रंगाचा ब्रश कापडावर जवळजवळ कोरडा पुसून दगडांच्या उंचवट्यांवरून फिरवा. पाच-सहा दगड वेगळे रंगवा, एखादा तांबूस, एखादा हिरवट. शेवटी एक भाग तपकिरी रंग आणि दहा भाग पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, असं पातळ पाणी सांध्यांत सोडा.

वरची भिंत मातीनं लिंपून चुन्यानं रंगवलेली असेल तर पोपडे दाखवायला खडं मीठ घ्या. मातीच्या रंगाचा हात सुकला की जिथे पोपडे हवेत तिथे ओलसर करून मीठ भुरभुरा. मीठ सुकलं की वरून चुन्याचा रंग द्या, त्यात निळीचा अगदी हलका अंश. तो सुकल्यावर ताठ ब्रशनं मीठ झाडा. खालची माती उघडी पडते.

माळवद

माझा सगळ्यात जास्त वेळ माळवदावर गेला, आणि तुम्हीही इथे घाई करू नका. नवखे लोक घरावर सपाट पुठ्ठा टाकून त्यावर माती चिकटवतात. बाहेरून ते जवळजवळ बरोबर दिसतं. पण ढाळजेत वाकून बघितलं की छताखाली काहीच नसतं. माळवद गवंडी आणि सुतार जसे रचायचे तसंच, खालून वर रचा.

आधी खांब: सहा इंची खांब म्हणजे साडेचार मिलिमीटर. जाड बांबूच्या काड्या चौकोनी तासून घ्या, खाली दगडाची बैठक द्या. खांबांवर तुळई, आठ इंची धरली तर सहा मिलिमीटर. तुळईवर आडवे सरे, चार इंची, म्हणजे तीन मिलिमीटर, आणि त्यांच्यात खऱ्यात एक-सव्वा फुटाचं अंतर. सऱ्यांवर आडवी बारीक फळकुटं अगदी खेटून. यासाठी अगरबत्तीच्या काड्या, मसाला संपलेल्या किंवा खरवडलेल्या. त्यांची जाडी सव्वा-दीड मिलिमीटर असते, म्हणजे खऱ्यातलं दोन इंची लाकूड. एका खणाला मला चाळीसच्या आसपास लागल्या. सरळ-सरळ काड्या निवडू नका, थोड्या वाकड्या तशाच लावा, बाभळीचं लाकूड सरळ कुठे असतं?

लाकडाला चॉकलेटी रंग देऊ नका. चुलीच्या धुरानं आतलं लाकूड जवळजवळ काळं आणि तुकतुकीत होतं, उघड्यावरचं मात्र राखी पडतं. मी आतल्या बाजूला काळपट तपकिरी रंगावर सॅटिन वार्निश दिलं आणि ढाळजेच्या बाहेर आलेल्या टोकांना राखी रंग.

फळकुटांवर वाळल्या पानांचा चुरा फेविकोलनं बसवा, मग माती. खरी माळवदाची माती पांढरी, गावठाणातल्या जुन्या पांढरीतून आणलेली. मिळाली तर तीच वापरा. दीड फुटाचा थर १३ मिलिमीटर येतो, पण तेवढी निव्वळ माती टाकली तर वजनानं काड्या बसतात. म्हणून आत १० मिलिमीटर फोमचा तुकडा, वर आणि कडांना मातीचा लेप. पृष्ठभागाला पन्हाळीकडे किंचित उतार द्या. साणं विसरू नका, उजेडासाठी आणि धुरासाठी छताला ठेवलेलं ते भोक. त्यातून पडलेला उजेड आत जमिनीवर दिसला की घर जिवंत होतं. साण्याच्या काठाला मातीची कड असते, नाहीतर पाणी आत येईल.

माती आणि अंगण

माती आपल्या रानातली घ्या, विकत कशाला? ती जुन्या तव्यावर चांगली तापवा म्हणजे किडे आणि बी मरतं. मग आधी पिठाच्या चाळणीनं, मग चहाच्या गाळणीनं, शेवटी जुन्या नायलॉनच्या मोज्यातून चाळा. तीन जाडीच्या माती वेगळ्या डब्यांत ठेवा.

काळ्या मातीबद्दल एक इशारा. ती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तर शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात. पाटावर जाड थर दिला तर तशाच भेगा पडतील आणि त्या मापात बसणार नाहीत. दोन इंची भेग इथे दीड मिलिमीटर असायला हवी. थर दोन मिलिमीटरच्या वर नको, आणि मातीत निम्मी बारीक वाळू मिसळा.

पाटावर तपकिरी रंग, त्यावर फेविकोल, त्यावर गाळणीनं माती. मग साबणाच्या थेंबाचं पाणी फवारा आणि त्यानंतर एकास तीन पाणी घातलेलं फेविकोल सुई काढलेल्या सिरिंजनं थेंबथेंब सोडा. आधी फवारलं नाही तर डिंकाचे थेंब मातीवर गोळ्या होऊन बसतात. डिंकानं माती सुकल्यावरही गडद दिसते, म्हणून हवी त्यापेक्षा एक छटा फिकी घ्या. ओली असतानाच बैलांचे खूर उमटवा.

दारापुढचं सारवलेलं अंगण मोज्यातून गाळलेल्या मातीचं. सारवणाचे अर्धगोल फराटे हाताच्या रुंदीचे असतात, म्हणजे अडीच मिलिमीटर. चपट्या बारीक ब्रशनं ओल्या लेपावर ते काढा, दारापासून मागे सरकत. बाई तशीच सारवते, आधी दार आणि शेवटी स्वतः उभी असलेली जागा.

झाड, कडबा, बैल, माणसं

तीस फुटी कडुनिंब २६ सेंटिमीटरचा होतो. घरापेक्षा झाड एवढं मोठं बघून हात आखडतो, पण झाड लहान करू नका. खोडासाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून जुनी तांब्याची तार आणा, साठ-सत्तर तारा एकत्र पिळा आणि वर जाताना दोन-दोन वेगळ्या करत फांद्या सोडा. फेविकोल, माती आणि बारीक लाकडी भुशाचा लेप देऊन साल करा. पानांसाठी गादीच्या फोमचे तुकडे हिरव्या रंगात भिजवून, वाळवून, स्वयंपाकाला न लागणाऱ्या मिक्सरमध्ये दळा. दोन-तीन हिरवे करा, खालच्या बाजूला गडद, वर उन्हाकडे पिवळट.

कडब्याचं ताट सहा फुटी, म्हणजे ५२ मिलिमीटर लांब आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. नारळाचा काथ्या उकलून फिक्या पिवळ्या रंगात बुडवा, सारखा कापा, वीस-वीसच्या पेंढ्या दोऱ्यानं बांधा आणि रचा. माळवदावरच्या गवताला कूलरच्या जाळीतलं गवत बारीक कापून चालतं.

बैल करताना जात ठरवा. लातूरकडे देवणी, कंधारकडे लाल कंधारी. लाल कंधारी एकरंगी लाल. देवणीतला वानेरा अंगानं पांढरा आणि तोंडाकडे काळा. खांद्याशी साडेचार फूट धरला तर ३९ मिलिमीटर. तारेचा सांगाडा करा आणि एम-सीलचे पातळ थर द्या, एका वेळी एकच स्नायू. वशिंड, गळ्याची पोळी आणि कान ही ओळखीची ठिकाणं. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल. झुलीसाठी टिश्यू पेपर पातळ फेविकोलमध्ये भिजवून अंगावर टाका, तो सुकेपर्यंत चिमट्यानं चुण्या बसवा. धोतर आणि नऊवारी याच रीतीनं करता येतात. तयार सैनिकांची डोकी आणि हात घेतले तरी कपडे मात्र स्वतःच करावे लागतील. माणसं कमी ठेवा. माझ्या अंगणात तिघंच आहेत: बैलाची वेसण धरलेला माणूस, ताट घेऊन उंबऱ्यात उभी बाई आणि मागून बघणारं पोर. तिघांची नजर बैलावर आहे, त्यामुळे बघणाऱ्याचीही तिथेच जाते.

डाग आणि पाणी

जुनेपणा दाखवायला सरसकट काळपट पाणी फासू नका. प्रत्येक डागाला कारण हवं. पन्हाळीखाली भिंतीवर ओघळ आणि जमिनीत खळगा. चौकटीवर हाताच्या उंचीला तेलकट चमक. बैल अंग घासतो त्या कोपऱ्याचा दगड गुळगुळीत. कोनाड्याच्या वर दिव्याची काजळी. जोत्यालगत पावसानं उडालेला चिखल, दीड फुटाच्या वर नाही. ब्रश टेकवण्याआधी पाणी, हात, धूर आणि जनावर कुठून जातं ते मनात चालवून बघा.

आडाच्या तळाला हिरवट काळा रंग द्या, सगळ्या फटी बुजवा आणि दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी रेझिन पाकिटावरच्या प्रमाणात मिसळून तीन मिलिमीटर ओता. हळू ढवळा, नाहीतर बुडबुडे राहतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि हातमोजे घाला. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रेझिन फार लवकर तापतं आणि आवळतं, म्हणून त्या दिवसांत पहाटे ओता. याच उन्हात अॅक्रिलिक रंगही ब्रशवर वाळतो. डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग काढला की तासन्‌तास ओला राहतो. रंगकाम आणि पानं-गवत चिकटवणं कूलरच्या वाऱ्यात करू नका.

रहाटाचा दोर शिवणाच्या दोऱ्याचे तीन पदर पिळून करा आणि फेविकोलच्या पाण्यातून ओढा म्हणजे लव बसते. घागर बांधून तो लोंबता ठेवून सुकवा. वजनानं ताणलेला दोर आणि हवेत वाकडा राहिलेला दोर यांतला फरक लांबूनही दिसतो.

पेटी

धूळ बसू लागली की मऊ मेकअप ब्रशनं झाडता येते, पण पानं तुटतात. म्हणून काम संपताच काच किंवा अॅक्रिलिकची पेटी करून घ्या. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवा. थेट ऊन लागू देऊ नका, हिरवा रंग उडतो.

पाटाच्या खालच्या बाजूला कागद चिकटवा: माप १:३५, घर कुठल्या गावातलं, कधी मोजलं, खण किती फुटांचा, भिंत किती जाड, दार किती उंच. घेतलेली सगळी मापं तिथे लिहा. मी मोजलेलं घर गेल्या वर्षी उतरवलं. त्याची मापं आता त्या कागदावर आणि माझ्या वहीत आहेत.